चाखवलेला सप्लाय

सोमवार, १० नोव्हेंबर

सिंधू, आधी घरादाराची खुशाली सांग. तुझे गुडघे कसे आहेत? थंडी सुरू झाली, तेल कोमट करून चोळतेस ना, की बाटली नुसती खिडकीत उभी? स्नेहलचा खोकला उतरला का? अडुळशाच्या काढ्यानंतर तिला गुळाचा खडा दे, म्हणजे तोंड वाकडं करणार नाही. खंडेरावदादाच्या डोळ्याची पट्टी निघाली का? त्याला सांग, पट्टी निघाली तरी लगेच पत्त्यांना बसू नको. आणि लालीचं वासरू आचळाला नीट लागतंय का? दात फुटतात तेव्हा ते ढुशा देतं, म्हणून लाली लाथ मारते, तू काठी घेऊन तिच्यावर धावू नकोस.

माझी खुशाली म्हणशील तर ठणठणीत. फोनवर तुला ऐकू येत नाही. मी इकडून घसा फाडतो आणि तू तिकडून "जेवलात का" एवढंच विचारतेस. म्हणून ठरवलं की रोजनिशी लिहायची, पान झालं की फोटो काढून घरच्या फोनवर पाठवायचा, आणि स्नेहलनं तुझ्या कानाशी बसून वाचायचं. स्नेहल बेटा, अडलेला शब्द गाळू नकोस. आजीला सगळं कळतं.

दीपमाला स्टँडवर घ्यायला आली होती. माझी पिशवी उचलून म्हणाली, "मामा, यात दगड भरलेत का?" म्हटलं, मीटर, सोल्डरिंगचं सामान आणि तुझ्या सासूचं लोणचं. यातलं लोणचंच जड. तिची अंबडची खोली लहान आहे पण आरशासारखी लख्ख. भिंतीवर आपल्या ज्ञानेशचा फोटो, त्याला रोजचं ताजं फूल. ज्ञानेश गेल्यावर पोरीनं घराचा गाडा एकटीनं ओढलाय, आणि वर सासऱ्याला नोकरी लावून दिली. सून मिळाली म्हणतात लोक. मला लेक मिळाली.

कारखाना पत्रा दाबून भाग काढायचा. मालक महेशशेठ, चाळिशीतला, बोलायला मध. त्यांनी शिक्षण विचारलं. मी खरं तेच सांगितलं, शाळा सातवीत सुटली, पुढचं विंचूरच्या बाजारातल्या बिघडलेल्या रेडिओंनी शिकवलं. ते म्हणाले, "काका, मला कागद नको, प्रॉडक्शन थांबलं नाही पाहिजे, बस."

सगळ्यात मोठ्या प्रेसला पोरं रेडा म्हणतात. काळाकुट्ट, माणसाच्या दुप्पट उंच, बाजूला जात्यासारखं मोठं चाक गरगरतं. सुरगाण्याचा बहिरू त्याच्या तोंडात पत्रा ठेवतो, पायानं पेडल दाबतो, वरून लोखंड येऊन दणका देतं, आणि वाकलेला भाग आपली दीपमाला चिमट्यानं बाहेर काढते. दणका बसला की पायाखालची फरशी बोलते. बहिरू मला म्हणाला, "नाना, पहिल्या दिवशी दात वाजत्यात, मग बायको बोलली तरी ऐकाया येत नाय. लय सुख हाय." मी म्हटलं, आमच्या घरी ते सुख बायकोला आहे. रागावू नकोस, सगळे हसले तेवढंच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज माझं काम नीट समजलं. ते तुलाही समजावतो, नाहीतर म्हणशील की एवढ्या मोठ्या कारखान्याचं या म्हाताऱ्यावाचून काय अडलंय.

रेड्याच्या तोंडापुढे उजेडाचा पडदा आहे. डोळ्यांना दिसत नाही. दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या, एकीतून किरण निघतात आणि दुसरी झेलते. मधे हात गेला की किरण तुटतात आणि खाली येणारं लोखंड जागच्या जागी थांबतं. पडद्यावर लक्ष ठेवायचं काम शेजारच्या पिवळ्या पेटीतला सेफ्टी कंट्रोलर करतो. आणि त्या कंट्रोलरला चोवीस व्होल्टचा घास भरवतात दोन पॉवर सप्लाय मॉड्यूल. पंजाएवढे डबे, तोंडावर हिरवा दिवा. दोन कशाला? तर जू एक, बैल दोन. एक बसला तर दुसऱ्यानं ओढायचं. आणि दोन्ही बसले तर रेड्यानं थांबायचं. घरात वीज गेली की माणूस धडपडतो. इथं उलटं आहे, वीज गेली की माणूस वाचतो. ज्यानं कोणी हे शोधलं त्याच्या आईनं त्याला चांगलं वाढवलं असणार.

अडचण अशी की एक बैल मेलाय आणि दुसरा धापा टाकतोय. त्यामुळे रेडा विनाकारण थांबतो आणि महेशशेठचं डोकं तापतं. मी त्यांना म्हटलं, कुत्रं उगाच भुंकतं म्हणून त्याला काठी घालू नये, भुंकतं तोवर घर राखतंय. ते हसून म्हणाले, "मग काका, कुत्रं बदला."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कुत्रं बदललं.

नवा मॉड्यूल मागवला तर यायला फार दिवस लागतील म्हणून महेशशेठनी जुना आणला. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातला. नावाचं लेबल कुणीतरी घासून काढलेलं. हवेच्या फटींत तांबूस काहीतरी वाळलेलं होतं, गंज असेल म्हणून मी ब्रशनं झाडलं. मीटर लावून पाहिलं तर आत सगळं ठीक.

बसवताना त्याच्या पत्र्याची कड अंगठ्याला लागली आणि रक्ताची धार आली. मला आईची रीत आठवली. घरात विळा येवो, कोयता येवो, ती आधी आपला अंगठा धारेला टेकवायची आणि रक्ताचा ठिपका द्यायची. घरच्याचं चाखलं की हत्यार घर ओळखतं, मग घरच्यांना चावत नाही. तू नवी आलीस तेव्हा हसली होतीस, आणि पुढं तूच प्रत्येक विळीला बोट दाखवायला लागलीस. मीही अंगठा डब्यावर दाबला. म्हटलं, घे रे बाबा, हे आपलं रक्त. आपल्या माणसांना सांभाळ.

सुपरवायझर संतोष मागे उभा होता. आडगावकडचा, फुलशेतीवाल्यांचा मुलगा, जिभेला हाड नाही. म्हणाला, "काका, आता याची ओटी पण भरा. पुढच्या वर्षी पाळणा हलेल."

हिरवा दिवा लागला. मी स्विच दाबायच्या आधी लागला की नंतर, ते मात्र नीट आठवत नाही. हसण्यात होतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रेडा दिवसभर एकदाही अडला नाही. महेशशेठनी पेढे वाटले आणि पहिला मला दिला. दीपमाला सगळ्यांना सांगत होती, "आमचे मामा आहेत ते."

एक गंमत लिहितो. मी पेटीजवळ गेलो की दिवा जरा चढतो. वासरू मान वर करतं तसा. पडदा तपासायला रेड्याच्या तोंडाशी हात नेला तर बोट किरणांना लागायच्या आधीच लोखंड थांबलं. पावलांवरून माणूस ओळखणारं जनावर आपल्याकडे होतं, आता यंत्रही निघालं. आईला हे दाखवायला हवं होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सिंधू, हे पान स्नेहलला वाचू देऊ नकोस. स्नेहल, इथं थांब. तुझी आई बरी आहे. फोन खंडेरावआजोबांकडे नेऊन दे.

बहिरूचा हात गेला.

जेवणाच्या सुट्टीआधीची गोष्ट. पत्रा तिरका बसला म्हणून त्यानं तो सरळ करायला हात आत घातला. रोज घालतो. हात गेला की पडदा तुटतो आणि रेडा थांबतो, याचसाठी तर सगळं आहे. रेडा थांबला नाही. ओरडणंही आधी आलं नाही. दणका आला, फरशी बोलली, आणि मग बहिरू आपल्या मनगटाकडे बघत उभा राहिला, जणू कुणीतरी त्याची वस्तू उचलून नेली. मग ओरडला.

लोखंड वर गेलं तेव्हा भाग तयार होता. काटकोनात वाकलेला, कडा सरळ, आणि घडीच्या आत चार बोटं. कागदाएवढी चपटी. एका बोटात चांदीचं वळं होतं, त्याचा ठसा पत्र्यावर उठला होता. दीपमालानं स्वतःची ओढणी त्याच्या हाताला करकचून बांधली आणि त्याला दवाखान्यात नेलं. परत आली तेव्हा कोपरापर्यंत लाल होती. बहिरू नागली कापायला घरी जाणार होता, शनिवारच्या जीपला त्यानं जागा सांगून ठेवली होती. वाटेत तो तेवढंच बोलत राहिला, म्हणे. "जीपवाल्याला नाय म्हणून सांगा."

मी पेटी उघडली. कंट्रोलरवर चूक दाखवणारा एकही दिवा नाही. दोन्ही मॉड्यूलचे आकडे बरोबर. जुन्याचा हिरवा दिवा मात्र असा लखलखत होता की पेटीचं आतलं झाकण हिरवं दिसत होतं.

मग मी रेडा चालवून पाहिला. माझा हात नेला, थांबला. बाजारातून दुधी आणून काठीला लावून आत सरकवला, तर दणका. दुधीचा चिखल झाला. पुन्हा माझा हात, पुन्हा थांबला. महेशशेठ म्हणाले, "हात ओळखतोय ना काका, दुधीचं काय घेऊन बसलात? बहिरूनं बाजूनं हात घातला असणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही, पण पेटी पुन्हा लावली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज जुन्या मॉड्यूलला वीज देणारी वायर काढली.

दिवा तसाच.

दुसऱ्याचीही काढली. तो विझला, रीतीप्रमाणे. जुना जळत राहिला. मीटर लावला तर चोवीस व्होल्ट, घड्याळासारखे. डबा कशालाही जोडलेला नाही आणि चोवीस व्होल्ट देतोय. सिंधू, चाळीस वर्षं विजेत हात घातलाय. चूल पेटवल्याशिवाय भात शिजत नाही. हा कशावर शिजतोय?

डब्याला हात लावला. कोमट होता, आणि आत काहीतरी अगदी हळू ठोके देत होतं.

महेशशेठना बोलावून दाखवलं. तेही पांढरे पडले, पण मालकाचा जीव ऑर्डरीत. म्हणाले, "आत साठवलेली वीज असेल काका. चालतंय ना? मग?" साठवलेली वीज दिवाळीच्या पणतीएवढी असते, तांब्याभर तेलाची नसते. पण त्यांनी बहिरूच्या जागी कामावरच्याच मनीषाला उभं करायला सांगितलं. मनीषाचं बाळ अंगावर पितं. दीपमाला पुढं झाली आणि म्हणाली की पत्रा मीच ठेवते, मीच काढते, मनीषाला इकडं आणू नका.

संतोष आज थट्टा करत नव्हता. तो दबक्या आवाजात मला म्हणाला, "काका, उद्या मी तो डबा उपटून काढतो. मालकाला नंतर बघू."

गुरुवार, २० नोव्हेंबर

खंडेरावदादा, तूच वाच. सिंधूला निम्मंच सांग.

सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मी मेन स्विच स्वतःच्या हातानं खाली केला. मोटर बंद. चाक उभं. संतोषनं पेटी उघडली. डबा आतल्या लोखंडी पट्टीला असा चिकटला होता, जसा गोचीड. त्यानं पक्कड लावून ओढला. डबा निघेना. त्यानं पाय भिंतीला लावून जोर केला, पक्कड निसटली आणि रेड्याच्या तोंडात पडली.

तो उचलायला वाकला.

मी त्याला वाकू नको म्हणायला तोंड उघडलं. चाक मोटरीवाचून फिरलं. एकच फेरा.

मान आणि डावा खांदा. उसाच्या चरकात कांडं घातल्यावर जसा आवाज येतो तसा, ओला. पाय बाहेर होते, ते बराच वेळ फरशीवर टाचा घासत राहिले. माझ्या चष्म्यावर, तोंडात, सगळीकडे त्याचं रक्त. लोखंड सावकाश वर गेलं आणि पुन्हा खाली आलं, आणि पुन्हा. कुणी पेडल दाबत नव्हतं. पत्रा नव्हता. ते चावत होतं.

दिवा बघवत नव्हता, इतका हिरवा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चौकशीचे साहेब आले. भला माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं. लाकडी दांडा पडद्यात घातला, रेडा थांबला. खालून घातला, वरून घातला, दर खेपेला थांबला. वायर काढून दाखवली तर दिवा विझला, शहाण्या पोरासारखा. सासरी शहाणं, माहेरी भूत. मेन स्विच चालू राहिला होता असं लिहिलं गेलं, कारण बंद स्विचवर प्रेस पडत नाही. त्यांचं तरी काय चुकलं?

सोमवारपासून पाळी चालू. संतोषच्या घरून त्याचे वडील आले होते. झेंडूच्या मातीचे हात. त्यांनी फक्त विचारलं, तोंड दाखवाल का. तोंड नव्हतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

रात्रभर विचार करून एक गोष्ट कळली. रेडा माझ्या हाताला थांबतो. दुधीला नाही, बहिरूला नाही, संतोषला नाही. त्यानं माझं रक्त चाखलंय. मी म्हणालो होतो, आपल्या माणसांना सांभाळ. त्यानं ऐकलं. पण त्याची आपली माणसं म्हणजे रक्ताची. मी. ज्ञानेश असता तर तो. स्नेहल.

दीपमाला नाही. ती माझ्या घराची आहे, रक्ताची नाही.

तिला म्हटलं, पोरी, काम सोड, गावी चल. ती म्हणाली, "मी सोडलं की मनीषाला उभं करतील मामा. तिच्या बाळाला काय सांगू? आणि मी हात आत घालतच नाही, चिमटा आहे ना." खूप समजावलं. ऐकेना. शेवटी मीच तोडगा काढला. आज कारखान्यात साफसफाईला सगळे होते, तिला पेटीजवळ नेलं आणि म्हटलं, अंगठा दे. ती हसली. म्हणाली, "लग्नात अंगठी हुडकायला लावली, आता हे. अजून किती परीक्षा आहेत तुमच्या घरात?" पण अंगठा दिला. सुई टोचली, थेंब डब्यावर टेकवला. मी म्हटलं, ही माझी लेक. हिला ओळख.

दिवा मंद झाला. एवढा मंद कधी झाला नव्हता. मला वाटलं, मानलं त्यानं.

रविवार, २३ नोव्हेंबर

नाही मानलं.

सकाळी सामान पुसायला काढलं. त्या दिवशीचा ब्रश पाण्यात बुडवला. तो तांबूस गंज पाण्यात सुटला आणि पाणी लाल झालं. ब्रशच्या केसांत काहीतरी टोचलं. काढलं. नख होतं. माणसाचं, मुळापासून निघालेलं, त्यावर मेंदीचा रंग.

सिंधू, ते हत्यार नवं नव्हतं. आईची रीत नव्या हत्याराची. ज्याच्या तोंडाला अजून काही लागलेलं नाही, त्याला आपलं चाखवायचं. हे आधीच चाखून आलंय, पोटभर. नरभक्षकाला मी माणसाचं बोट दाखवलं. माझं आधी लागलं म्हणून मला धनी धरतंय. पण तिचा थेंब — ती ओळख नाही. तो वास दिला मी. शिकारी कुत्र्याला कपडा हुंगवतात तसा.

मी. माझ्या हातानं.

आईनं एकदा आठवडी बाजारातून जुनी कुऱ्हाड आणली होती. दुसऱ्याच्या हातची. तिला अंगठा नव्हता दाखवला. तिचं वेगळं काहीतरी केलं होतं. बायकांनी केलं, मी ओट्यावर होतो. तू आत होतीस. काय केलं होतं?

फोटो पाठवला. गेला नाही. गावात वीज नाही बहुतेक. पुन्हा पाठवतो.

दीपमालाला नख दाखवलं. तिनं ते हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली की सकाळी मालकाशी बोलते, रेडा नको म्हणते. आता तिला सोडून हलायचं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दूध आणायला खाली गेलो. एवढंच. वर आलो तर कुलूप. शेजारीण म्हणाली, कारखान्यातून फोन आला, मनीषाला रेड्यावर उभं केलंय, म्हणून ती पळतच गेली —

निघालो. वही खिशात. रिक्षात लिहितोय. फोटो अजून गेलेला नाही.

सोमवार, कारखाना

स्नेहल, फोटो आता जातोय. मागची पानंही पोचली असतील. हे तूच वाच. खंडेरावआजोबांची वाट बघू नकोस. आजीच्या कानाशी, मोठ्यानं.

आई जिवंत आहे. माझ्याजवळ आहे.

उजव्या हातानं लिहितोय. डावा आत आहे, रेड्याच्या तोंडात. तिच्या मनगटावर.

तिनं मनीषाला ढकलून बाजूला केलं. चिमटा आत ओढला गेला, त्यामागून हात. मनगट पत्र्याखाली अडकलंय, हाड मोडलंय, निघत नाही. लोखंड सुटलं होतं. मी हात टाकला. थांबलं. बोटभर वर.

मी हात काढला की —

मेन बंद केला. चाक फिरतंच आहे. लोखंडी ठोकळा मधे उभा केला लोकांनी. कणकेच्या गोळ्यासारखा बसला. महेशशेठनी पेटीवर घण घातला. घण उलटा आला. त्यांचा जबडा — ते तिकडं पडलेत, कुणीतरी त्यांच्या तोंडात कापड कोंबतंय. पेटीला चराही नाही.

गॅसकटरवाले निघालेत, म्हणतात. मनीषा फोन धरून उभी आहे. पान भरलं की फोटो काढते. रडू नकोस गं, फोन हलतोय.

दीपमाला म्हणते, "मामा, काढा हात. एकाचं तरी —" म्हटलं, गप. सासऱ्याला उलट बोलायचं नाही. हसली. पांढरी पडलीय.

उतरतंय. केसाएवढं. आता माझ्या हाताच्या पाठीला टेकलं. लोखंड गार असतं ना? कोमट आहे. ओलं. जिभेसारखं.

कातडं सुटलं. रक्त. माझंच. पत्र्यावरून तिच्या रक्तात चाललंय, दोन्ही एकत्र —

दिवा चढतोय.

ओळखत नाही आता. की ओळखून —

सिंधू, जुन्या कुऱ्हाडीला काय केलं होतंस तू आणि आईनं? मीठ? राख? उंबऱ्यात पुरली? काही म्हणाला होतात? दोन शब्द पुरेत. मनीषा करेल, ती पेटीजवळ आहे. स्नेहल, आजीला हलव, विचार, टाईप कर —

हाड वाजलं. माझं. दुखत नाही. लिहितोय.

तिनं माझी बोटं धरलीत. आतून. घट्ट.

फोनवर फोटोखालच्या खुणा निळ्या झाल्या. वाचताय तुम्ही. वाचताय. मग लिहा ना, लवकर लिहा, लवक —